पंपाच्या आवाजाचा माणूस

नव्या डिजिटल वायरलेस संचांच्या चाचणीच्या सकाळी अग्निशमन केंद्राच्या आवारात झाडून सगळे अधिकारी हजर होते, आणि सगळ्यांत कडक इस्त्री भोंगासाहेबांच्या गणवेशाला होती. असणारच. संच आले होते ते त्यांच्याच हट्टापायी.

भोंगासाहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. हे नाव जवानांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. आवाजच तसा होता. त्यांनी आपल्या खोलीतून नुसता चहा मागवला तरी गाडीखाना खडबडून जागा होई आणि एखादा नवखा जवान हेल्मेट चढवून गाडीत जाऊन बसे. धुरात, पंपाच्या घरघरीत, गर्दीच्या आरडाओरड्यात जो एक आवाज सगळ्यांना सापडे तो त्यांचा. त्या आवाजावर केंद्र चालतं, असं लोक म्हणत. निदान साहेब तरी म्हणत.

पण आवाज कितीही मोठा असला तरी तो एका गल्लीपुरता. पुढचं काम जुन्या वायरलेसचं, आणि जुना वायरलेस म्हणजे नुसती खरखर. त्यातून कधी टॅक्सीवाल्यांची भांडणं ऐकू येत, कधी कोणीतरी काहीतरी तळत बसल्यासारखा आवाज येई. एकदा लाकडाच्या वखारीला आग लागली असताना साहेबांनी दुसऱ्या गाडीला सांगितलं, "उजव्या गल्लीत या." गाडीवाल्याने ऐकलं, "उद्या गल्लीत या." उद्या कसं जायचं, याचा विचार करत गाडी चौकातच थांबली आणि वखारीचा कोळसा झाला. त्या दिवशी साहेबांनी मनाशी पक्कं केलं, की हे संच बदलायचे. साहेबांनी मनाशी पक्कं केलेलं काही मनात राहत नसे. आजूबाजूच्या इमारतींना ऐकू जाई. मग त्यांनी मुख्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, अॅम्ब्युलन्सवाल्यांना गाठलं, पोलिसांना पटवलं, आणि काम तडीस नेलं.

तर चाचणी. आवारात मुद्दाम पंप सुरू करून ठेवला होता. एकेक अधिकारी पंपाशेजारी उभा राहून संचात बोलत होता आणि वरच्या मजल्यावरच्या नियंत्रण कक्षातून ऑपरेटर बाई उत्तर देत होत्या. "स्वच्छ ऐकू येतंय. पंपाचा आवाज अजिबात नाही." दर उत्तरासरशी भोंगासाहेब चौफेर असे बघत, जणू संच त्यांनीच घरी बसून जोडले होते.

मग त्यांची पाळी आली. त्यांनी बटण दाबलं, छाती भरून घेतली आणि चाचणीचं वाक्य म्हटलं.

संच गप्प.

"केंद्रप्रमुख साहेब, बोला," ऑपरेटर बाई म्हणाल्या.

साहेब बोलले.

"साहेब, बटण दाबून बोला."

"दाबलंय!" साहेब असे गरजले की शेडवरची कबुतरं उडाली.

"साहेब," बाई अवघडून म्हणाल्या, "तुम्ही खिडकीतून ऐकू येताय. संचातून नाही."

संच बदलला. तो बदललेलाही बदलला. शेवटी साहेबांच्या सहायकाने तोच संच हातात घेऊन नुसतं "हॅलो" म्हटलं, तर ते लख्ख पोचलं. आता सगळे कंपनीच्या अभियंत्याकडे बघू लागले. अभियंत्याने घसा खाकरला.

"त्याचं असं आहे साहेब, हा संच ऐकलेलं सगळं पाठवत नाही. बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे तो आधी ठरवतो. गोंगाट टाकून देतो."

"बरं मग?"

"मग, पंप चालू असला की तो तुम्हाला गोंगाटात धरतोय."

"म्हणजे काय?"

"तांत्रिकदृष्ट्या," अभियंता जमिनीकडे बघत म्हणाला, "तो तुम्हाला पंप समजतोय."

मागच्या रांगेत कोणाला तरी जोराचा खोकला आला. तो खोकला रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. साहेबांनी मान वळवली नाही. पण त्यांचे कान गाडीच्या रंगाचे झाले.

"पंप बंद असला की तुम्ही छान ऐकू येता," अभियंत्याने समजूत काढली.

"आग लागल्यावर पंप बंद ठेवू?"

दुरुस्ती कंपनीच्या मुख्य कार्यालयातून येईल, तिथे कळवलं आहे, पण त्याला प्रक्रिया आहे, एवढंच अभियंता म्हणाला. मुख्यालयातून आलेल्या वरिष्ठांना ही नवी भानगड पहिल्यापासूनच नको होती. ते आनंद लपवत म्हणाले, "ज्या केंद्राचा प्रमुखच ऐकू येत नाही, तिथे हे संच बसवायचे कसे? परत पाठवू. नाहीतर असं करा, तुम्ही भांडारगृह सांभाळा. तिथे पंप नसतो."

"संच परत जाणार नाहीत," भोंगासाहेब म्हणाले. "आणि मीही भांडारात जाणार नाही. मला थोडे दिवस द्या."

"काय करणार थोड्या दिवसांत?"

"त्याला ऐकू येईल असं बोलीन."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवत असे आणि कुठल्याही गोष्टीने चटकन गडबडून जात नसे. "इतकी वर्षं मी तरी दुसरं काय सांगतेय?" ती म्हणाली. "फक्त पंप हा शब्द मला सुचला नव्हता."

सासरे त्यांच्याकडेच राहत. त्यांना कानाने कमी ऐकू येई. घरात एकट्या जावयाचंच बोलणं त्यांना कळे, म्हणून त्यांचा जावयावर फार जीव होता. ते म्हणाले, "यंत्रच बहिरं असेल. त्याला माझ्या डॉक्टरकडे न्या."

ही बातमी इमारतीत फुटली कशी, याचा साहेबांना बरेच दिवस राग होता. खरं म्हणजे ती त्यांनीच बायकोला सांगितली होती. त्यांच्याच आवाजात, खिडक्या उघड्या ठेवून. दुसऱ्या दिवशी जिन्यात सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे निवृत्त हिशेबनीस म्हणाले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गुळण्यांनी आवाज आणखी उघडतो, तो बसवायला हवा. थंड पाणी प्या. यावर दोघांचीच अशी जुंपली की साहेब मधून निघून गेले तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने संपूर्ण मौन सुचवलं, महिनाभर तरी. त्याचा पलंग साहेबांच्या दिवाणखान्याच्या बरोबर वर होता, हे इथे सांगितलेलं बरं.

साहेब सरळमार्गी माणूस. त्यांनी आधी रीतसर वायरलेस विभाग गाठला. तिथल्या हेडक्लार्कने विचारलं, "इतरांचा आवाज घेतो ना संच?"

"घेतो."

"मग दोष संचात नाही, तुमच्यात आहे. अधिकाऱ्यातल्या दोषाचं काम आस्थापना विभाग बघतो."

आस्थापना विभाग म्हणाला, दोष असेल तर डॉक्टरांचा दाखला आणा. घशाच्या डॉक्टरांनी साहेबांना 'आ' करायला लावलं, आणि साहेबांनी 'आ' केल्यावर बाहेर बसलेले रोगी उठून उभे राहिले. डॉक्टरांनी दाखला दिला: आवाज निरोगी व भरपूर. तो वाचून आस्थापनावाला म्हणाला, "मग तुमची तक्रार काय आहे? आणि साहेब, जरा हळू. शेजारी ऑडिट चालू आहे."

मधला मार्ग म्हणून सहायकाला संचाशी ठेवून बघितलं. म्हणजे साहेबांनी बोलायचं आणि सहायकाने ते संचात सांगायचं. सहायक फार सभ्य मुलगा. साहेब ओरडले, "कोणत्या गाढवाने व्हॉल्व्ह बंद केला?" सहायक संचात म्हणाला, "व्हॉल्व्हबद्दल साहेबांना थोडी चौकशी करायची आहे." व्हॉल्व्ह बंदच राहिला.

तेव्हा साहेबांनी ठरवलं. संच बदलत नाही ना? मग आवाज बदलू. माणसाने बदललं पाहिजे असं ते इतकी वर्षं वरिष्ठांना सांगत होते. आता स्वतःवर आल्यावर मागे हटणं त्यांना शोभणार नव्हतं.

समोरच्या इमारतीत गाण्याच्या एक बाई राहत. कडक. संध्याकाळी त्यांच्याकडे लहान मुलींचा वर्ग भरे. साहेब गणवेश उतरवून, साधा शर्ट घालून, चपला दाराबाहेर नीट लावून आत गेले.

"बोला," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?" साहेब म्हणाले. कपाटाची काच वाजली.

बाईंनी डोळे मिटून ते ऐकलं. "आवाज चांगला आहे. पण कायम तळघरात राहतो. त्याला जिना चढायला शिकवावं लागेल. पोटातून काढा, कपाळात आणा."

आवाज कपाळात आणणं म्हणजे काय, हे साहेबांना पहिले दोन वर्ग कळलंच नाही. ते मुलींच्या शेवटच्या रांगेत मांडी घालून बसत आणि घाम पुसत. शेजारची चिमुरडी त्यांना मधूनमधून सांगे, "काका, अजून वर. अजून." ज्यांच्या एका हाकेला शिडी उभी राहत असे, ते साहेब निमूटपणे अजून वर जात. आणि एका संध्याकाळी आवाज खरंच वर आला. बारीक, टोकदार, किंचित अनुनासिक. साहेबांनी दचकून मागे बघितलं, की कोण बोललं.

त्या आवाजाची सवय व्हावी म्हणून त्यांनी सकाळी जेवणाच्या टेबलावरही तोच लावला. सासऱ्यांनी जावयाचे हलणारे ओठ बघितले, काही ऐकू आलं नाही, आणि त्यांच्या हातातला कप खाली आला. "संपलं," ते म्हणाले. "गेले कान. उरलेलेही गेले." बायकोला शाळेत रजा टाकून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. जाताना ती साहेबांना फक्त एवढंच म्हणाली, "आज संध्याकाळी घरात पंपच चालू दे."

आता एकच कसोटी राहिली होती. पंप सुरू असताना संच हा नवा आवाज घेतो का? केंद्रात जाऊन बघावं, तर सगळ्या जवानांसमोर या आवाजात बोलावं लागणार. साहेबांना आठवलं, की इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याच्या पंपाची खोली आहे आणि सकाळी टाकी भरेपर्यंत पंप चालतो. सुट्टीच्या दिवशी ते संच घेऊन तिथे गेले आणि आतून कडी घातली. संचाचा आवाज त्यांनी पार बंद करून टाकला, म्हणजे संचातलं बोलणं ऐकून हिशेबनीस यायला नकोत. आवाजाची गरजही नव्हती. संचाने बोलणं पकडलं की त्यावर हिरवा दिवा लागे. तो दिवा बघितला की झालं.

साहेबांनी बटण दाबलं. डोळे मिटले. आवाज पोटातून उचलला, छातीतून वर नेला, कपाळात ठेवला.

"पाणी सोडा!"

हिरवा दिवा लागला.

आनंदाने साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंप कानाशी धडधडत होता आणि दिवा हिरवा होता. मग त्यांना राहवेना. नोकरीत रोज लागणारी सगळी वाक्यं त्यांनी एकामागून एक म्हणून टाकली. "आत धूर आहे! लवकर या! मी दाराशी आहे! शिडी आणा, शिडी!"

हे सगळं नियंत्रण कक्षात स्वच्छ पोचत होतं. ऑपरेटर बाई कळवळून विचारत होत्या, "ताई, घाबरू नका, तुम्ही कुठे आहात?" पण संचाचा आवाज साहेबांनीच बंद केलेला. बाईंसमोरच्या पडद्यावर मात्र हा संच कोणाचा ते दिसत होतं. केंद्रप्रमुखांचा. म्हणजे साहेबांच्या संचावरून कोणी बाई मदत मागत होती. म्हणजे साहेबांच्या घरी आग होती. म्हणजे साहेब स्वतः बोलण्याच्या स्थितीत नव्हते. बाईंनी केंद्रातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाड्या सोडल्या.

गाड्या आल्या तेव्हा हिशेबनीस आवारात उभेच होते. पंपाच्या खोलीतून बाईचा आवाज येतोय, हे त्यांनीही ऐकलं होतं. सहायकाने दार ठोठावलं. पंपाच्या धडधडीत साहेबांना ते कुठून कळणार? मग जवानांनी कुऱ्हाड चालवली. दार आडवं झालं, पाण्याचा फवारा आत शिरला, आणि फवाऱ्यात चिंब भिजून, संच छातीशी धरून, साहेब बाहेर आले.

सगळी इमारत गॅलरीत होती.

सहायकाने आपल्या संचात सांगितलं, "बाई नाहीत. साहेब आहेत."

"पण आवाज तर बाईंचा होता," ऑपरेटर बाई म्हणाल्या.

"तोही साहेबच आहेत."

वरून विमा एजंट म्हणाला, "मौन बरं होतं." साहेबांनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर त्यांनी तिचे आभार मानले असते. पण ती दुभंगली नाही, तेव्हा त्यांनी सहायकाचा संच घेतला आणि पुन्हा त्याच बारीक आवाजात, सगळ्या इमारतीदेखत विचारलं, "बाई, पंप चालू असताना मी कसा ऐकू आलो?"

"स्वच्छ, साहेब. एकूण एक शब्द."

"नोंद करा," साहेब म्हणाले, आणि ओल्या बुटांनी जिना चढून गेले.

संच कायम झाले. वरिष्ठांनी नाइलाजाने मान्यता दिली. केंद्रात मात्र काही दिवस साहेबांची पाठ वळली की कोणी ना कोणी बारीक आवाजात "शिडी आणा" म्हणे. साहेब ऐकत आणि दात ओठ खात. जवानांसमोर तो आवाज काढायची वेळ न येवो, असं त्यांना मनोमन वाटत होतं.

ती वेळ भरदुपारी आली. गाद्यांच्या गोदामाला आग लागली होती. कापूस आतल्या आत धुमसत होता आणि सहायक चार जवान घेऊन आत शिरला होता. बाहेर दोन पंप चालू, रस्ताभर गर्दी, आणि बातमी कळून धावत आलेले वरिष्ठ. साहेब समोर उभे राहून इमारतीकडे बघत होते, तेव्हा त्यांना दिसलं: भिजलेल्या गाद्यांच्या वजनाने वरचा माळा मध्येच झुकला होता. त्याखाली सहायक होता.

साहेबांनी बटण दाबलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने गरजले, "बाहेर या!"

गर्दी मागे सरली. दिवा लागला नाही.

आतल्या माणसांना काहीही कळलेलं नव्हतं. माळ्याची एक तुळई करकरली. साहेबांच्या बाजूला वरिष्ठ होते, समोर अर्धं शहर होतं, आणि गर्दीत पुढेच, छत्री घेऊन, हिशेबनीस होते. साहेबांनी डोळे मिटले नाहीत. तेवढा वेळ नव्हता. आवाज वर उचलला.

"सगळे बाहेर या! माळा खचतोय! सोडा सगळं, बाहेर या!"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. त्या दांडग्या गणवेशातून तो आवाज येताना बघून हसू येणारच होतं. साहेबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते हिरव्या दिव्याकडे बघत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणखी वर, आणखी बारीक, गळ्याच्या शिरा ताठ होईपर्यंत. दारातून पहिला जवान बाहेर आला. मग दुसरा, तिसरा. चौथा खोकत आला. साहेबांचा आवाज थरथरायला लागला. शेवटी सहायक आला, पाइप ओढत.

"पाइप सोड!" साहेब म्हणाले. त्याने सोडला. मागे माळा कोसळला आणि दारातून धुराचा लोट रस्त्यावर आला.

हसू केव्हा थांबलं ते कोणालाच कळलं नाही. सहायक साहेबांसमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, साहेबांनाही. पण साहेबांच्या तोंडून भरदार आवाजही निघेना आणि बारीकही. त्यांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग उगाचच त्याच्या हेल्मेटचा पट्टा घट्ट करत बसले.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीचा अभियंता लॅपटॉप घेऊन केंद्रात आला. चेहरा खुललेला. "साहेब, प्रक्रिया पूर्ण झाली! दुरुस्ती आली. आता तुम्ही तुमच्या आवाजात बोला."

आवारात पंप सुरू केला. सगळे जवान जमले. साहेबांनी बटण दाबलं आणि आपल्या मूळ, भरदार आवाजात चाचणीचं वाक्य म्हटलं. दिवा लागला.

"साहेब, उत्तम ऐकू येताय!" ऑपरेटर बाई म्हणाल्या. "फक्त... आता पंपही ऐकू येतोय."

सहायक बोलला, तर बाईंना त्याचं निम्मंच कळलं. हळू बोलणाऱ्या एका जवानाचं तर काहीच कळलं नाही. पंपाने त्याला गिळून टाकलं होतं.

"दोघांना वेगळं काढणं शक्य नाही, साहेब," अभियंता म्हणाला. "तुम्हाला घ्यायचं तर पंपाला घ्यावंच लागतं."

साहेबांनी संच हातात फिरवून बघितला.

"काढून टाका तुमची दुरुस्ती," ते म्हणाले. "पूर्वीसारखं करा."

"अहो, पण मग तुम्हाला जन्मभर तसं बोलावं लागेल!"

"जन्मभर कशाला? बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ."

आणि बटणावरचा अंगठा काढून साहेब गाडीखान्याकडे वळले. "बघताय काय? पाइप गुंडाळा!" ते गरजले, आणि अभियंत्याने दचकून लॅपटॉप पोटाशी धरला.